सोसायटीच्या फुलवाफ्यांच्या मातीचा सामू ८.३ आला आहे, आता काय करावे?

चारकोपकर

नमस्कार मंडळी,

आमची सोसायटी कांदिवली पश्चिमेला आहे. जुनी इमारत पुनर्विकासात पाडून तिथे नवी इमारत उभी राहिली आणि ताबा मिळाला, तेव्हा प्रवेशद्वारापासून कुंपणाच्या भिंतीला लागून गेलेले दोन लांबट वाफे बागेसाठी म्हणून आमच्या वाट्याला आले. दोन्ही मिळून क्षेत्रफळ साधारण ३० चौरस मीटर भरते. वाफे जमिनीवरच आहेत, पोडियमच्या स्लॅबवर नाहीत. विकासकाच्या कंत्राटदाराने त्यावर वीतभर लाल माती पसरून एक्झोरा, जास्वंद, मोगरा, तगर आणि कडेला कण्हेर लावून दिली होती. कण्हेर, तगर आणि आपोआप उगवलेली सदाफुली उत्तम आहेत. मात्र मोगरा आणि एक्झोरा यांची नवी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि कळ्या धरेनाशा झाल्या आहेत. जास्वंदाचीही तीच वाट दिसते. हिवाळ्यात हौसेने लावलेली शेवंती तर महिनाभरात वाळून गेली.

आजवर माळ्याच्या सांगण्यावरून शेणखत, १५:१५:१५ ची दाणेदार मिश्रखते, राख, अंड्यांची टरफले असे बरेच काही घालून झाले. शेवटी कार्यकारी समितीला पटवून मातीचे परीक्षण करून घेतले. अहवाल असा आहे: सामू (म्हणजे पीएच, मातीच्या आम्ल-अल्कतेचे माप) ८.३, विद्युत वाहकता (क्षारांचे माप) ०.६२, सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के, उपलब्ध नत्र हेक्टरी १९० किलो, स्फुरद (फॉस्फरस) १४ किलो, पालाश (पोटॅश) ४१० किलो, लोह ३.१ पीपीएम (दशलक्षात भाग), जस्त ०.९ पीपीएम, मंगल (मँगनीज) ६ पीपीएम आणि तांबे ३.२ पीपीएम. नमुना एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घेतला. बागेला पाणी बोअरवेलचे दिले जाते, कारण महापालिकेचे पाणी बागेला वापरायचे नाही असा आमच्याकडे नियम आहे.

हा अहवाल हातात घेऊन दोघांना विचारले, तर एकाने जिप्सम टाकायला सांगितले आणि दुसऱ्याने चुना. दोघांचेही म्हणणे सारख्याच ठामपणाने मांडलेले असल्यामुळे समिती आता माझ्याकडे पाहते आहे. पावसाळ्यापूर्वी नेमके काय करावे, आणि हेक्टरी किलोचे हे आकडे ३० चौरस मीटरच्या वाफ्याला लावायचे तरी कसे, हे कोणी समजावून सांगेल का?

मृद्गंध

चारकोपकर, अहवाल सविस्तर दिलात हे फार चांगले केले. मी मृदा परीक्षणाच्या क्षेत्रात नोकरी करून निवृत्त झालो आहे, त्यामुळे थोडे लांबण लावतो, त्याबद्दल क्षमस्व.

आधी एककांचा प्रश्न सोडवू. मृदा परीक्षणाची ही सगळी रचना शेतकऱ्यासाठी उभी राहिलेली आहे. केंद्र सरकारने १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथून मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली, तेव्हापासून सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, तीन मुख्य अन्नद्रव्ये, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये अशा बारा बाबींचा संच देशभर रूढ झाला, आणि त्यातले आकडे साहजिकच हेक्टरमध्ये येतात. आपण हेक्टरी किलोच्या आकड्याला १० ने भागावे, म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम ते मिळते. तुमचे उपलब्ध नत्र म्हणजे चौरस मीटरला १९ ग्रॅम. हेक्टरी २८० किलोच्या खाली नत्र कमी धरतात, म्हणजे तुमच्याकडे ते कमीच आहे. सेंद्रिय कर्बही ०.५ टक्क्याच्या खाली असल्यामुळे कमी गणला जातो, आणि या दोन गोष्टी बहुतेक वेळा हातात हात घालूनच येतात, कारण मातीतले नत्र मुख्यतः सेंद्रिय पदार्थांतच साठलेले असते. स्फुरद मध्यम आहे. पालाश भरपूर आहे. हेक्टरी २८० किलोच्या वरचा पालाश जास्त मानतात आणि तुमचा त्याहून पुष्कळ वर आहे, तेव्हा राख टाकणे आजपासून बंद करावे. राखेने पालाश तर वाढतोच, शिवाय ती स्वतः अल्कधर्मी असल्यामुळे सामूही वर ढकलते. अंड्यांची टरफले म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तुमच्या मातीत त्याचा सुकाळ दिसतो आहे.

आता पिवळ्या पानांकडे येऊ. नत्र कमी पडले की झाड जुन्या पानांतले नत्र काढून नव्या पालवीला देते, त्यामुळे खालची पाने आधी आणि सरसकट पिवळी होतात. लोहाचे तसे नाही. लोह झाडात एका पानातून दुसऱ्या पानात सहजी हलत नाही, म्हणून त्याची उणीव शेंड्याच्या कोवळ्या पानांत आणि शिरांच्या मधल्या भागात दिसते. तुम्ही वर्णन केलेले लक्षण तंतोतंत हेच आहे, आणि अहवालातील ३.१ पीपीएम हा आकडाही ४.५ या सीमारेषेच्या खाली आहे. जस्त, मंगल आणि तांबे पुरेसे आहेत, त्यांच्या मागे लागू नये.

यातली गंमत अशी की, लाल मातीचा लाल रंगच मुळी लोहाच्या ऑक्साइडचा असतो, म्हणजे लोहाच्या ढिगाऱ्यावर उभे राहून तुमचा मोगरा लोहाविना उपाशी आहे. सामू ७.५ च्या वर गेला की लोह विरघळेनासे होते आणि मुळांना ते मिळत नाही. त्यातच माती पाण्याने गच्च राहिली आणि तिच्यात चुनखडी असली, तर मातीच्या पाण्यात बायकार्बोनेट वाढते आणि मुळांची लोह घेण्याची क्षमता आणखी खालावते. तेव्हा पहिला प्रश्न मी खताचा नाही, तर निचऱ्याचा विचारीन. पाऊस पडून गेल्यावर वाफ्यात पाणी किती वेळ उभे राहते?

जिप्सम आणि चुन्याबद्दल थोडक्यात सांगतो. चुना आम्ल मातीसाठी असतो, तुमची माती त्याच्या नेमकी उलट आहे, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. जिप्सम हा चोपण जमिनीवरचा उपाय आहे. तिथे मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो आणि जिप्सममधील कॅल्शियम त्याला बाजूला सारून पाण्याबरोबर खाली घालवतो. चोपण जमिनीचा सामू सहसा ८.५ च्या वर असतो. मुक्त चुनखडी असलेल्या मातीचा सामू मात्र ८.२ ते ८.४ च्या आसपास येऊन थांबतो, आणि तुमचा ८.३ हा आकडा मला तिकडेच बोट दाखवताना दिसतो. अशा मातीत कॅल्शियम आधीच मुबलक असते, त्यामुळे जिप्समने सामू उतरणार नाही. लाल माती मुळात आम्लधर्मी असते, मग चुनखडी आली कुठून? माझा अंदाज आहे की ती खालून आली, पण सोनटक्का ताई यावर माझ्यापेक्षा अधिकाराने बोलतील.

सोनटक्का

मृद्गंध काकांनी चेंडू माझ्याकडे टोलवलाच आहे, तर सांगते. मी गेली बरीच वर्षे पश्चिम उपनगरांतल्या सोसायट्यांच्या बागा पाहते, आणि पुनर्विकासातल्या बागांची कथा थोड्याफार फरकाने एकच असते. जुनी इमारत पाडल्यावर निघालेला राडारोडा भरणीसाठी तिथेच वापरला जातो. प्लास्टरचे तुकडे, विटा, सिमेंट, फरशीखालचा कोबा, कधी काँक्रीट मिक्सर धुतलेले पाणी, हे सगळे बागेच्या जागेत मुरते, त्यावरून दोन-तीन वर्षे ट्रक आणि क्रेन फिरतात, आणि शेवटी वर लाल मातीची चादर अंथरून झाडे लावली जातात. सिमेंटमधला चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून कॅल्शियम कार्बोनेट होतो. तुम्ही नमुना १५ ते २० सेंटिमीटर खोलीपर्यंत घेतला असेल, तर वरची लाल माती आणि खालचा हा थर एकत्र तपासला गेला आणि ८.३ आला. लाल माती निव्वळ वेगळी तपासली असती तर आकडा फार निराळा दिसला असता.

माझे म्हणणे असे आहे की, प्रयोगशाळा रसायन सांगते, पण वाफ्यातली माती किती खोल आहे, किती घट्ट आहे आणि पाणी कुठे जाते हे ती पिशवीतल्या अर्ध्या किलो मातीवरून सांगू शकत नाही. ते आपल्यालाच पाहावे लागते, आणि त्याला पहार, बादली आणि व्हिनेगरची बाटली याखेरीज काही लागत नाही.

प्रत्येक वाफ्यात दोन ठिकाणी, एक खड्डा झाडे चांगली आहेत तिथे आणि एक वाईट आहेत तिथे, ३० सेंटिमीटर लांब, रुंद आणि तितकाच खोल खणावा. खणण्याआधी सोसायटीच्या नकाशात विजेची केबल आणि पाइप गॅसची वाहिनी कुठून गेली आहे ते अवश्य पाहावे, कारण कुंपणालगतच्या पट्ट्यातूनच त्या नेल्या जातात. खणताना माती कुठल्या खोलीवर रंग बदलते, पहार कुठे अडते, कसले तुकडे निघतात आणि मुळे कुठवर गेली आहेत, हे लिहून ठेवा. मग खड्डा पाण्याने काठोकाठ भरून पूर्ण जिरू द्या, आणि पुन्हा भरून पट्टीने मोजा. तासाला अडीच ते पाच सेंटिमीटर पाणी उतरत असेल तर निचरा ठीक समजावा. अडीचच्या खाली असेल तर त्या जागी शेवंतीसारखे झाड टिकत नाही, मग खत कितीही द्या. पहिल्यांदा भरलेले पाणी मोजू नये, कोरडी माती ते हावरटासारखे शोषते आणि आपली फसगत होते.

त्यानंतर वरची, मधली आणि तळाची अशी तीन ठिकाणची चमचाभर कोरडी माती वेगवेगळ्या वाट्यांत घेऊन तिच्यावर पांढरे व्हिनेगर टाका. फेस येऊन चुरचुर आवाज झाला तर तिथे मुक्त चुनखडी आहे असे समजावे. काहीच झाले नाही तर कदाचित मुरलेल्या चुनखडीचे प्रमाण फार थोडे आहे. आणखी एक विनंती: बाजारात मिळणारे दोन काट्यांचे मातीत खुपसायचे सामू-मापक घेऊ नका. मातीच्या ओलीप्रमाणे ते वेगवेगळे आकडे दाखवते.

हातमोजे मात्र घाला. सोसायटीच्या वाफ्यांत उंदीर-घुशींची बिळे असतातच आणि पावसाळ्याच्या तोंडावर लेप्टोचा (उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा) धोका हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

दादरची गच्ची

थोडे विषयाला धरूनच विचारते. माझी सगळी झाडे कुंड्यांत आहेत आणि निम्मे मिश्रण कोकोपीटचे आहे. त्याचे असे परीक्षण करून घेण्यात अर्थ आहे का?

मृद्गंध

दादरची गच्ची, फारसा नाही. हेक्टरी किलोचे हिशेब शेतातल्या मातीच्या वजनावर आधारलेले असतात आणि कोकोपीट इतके हलके असते की ते हिशेब तिथे लागू पडत नाहीत. तुमच्याकडे पाहायचे ते क्षार. कुंडीच्या तळातून वाहून आलेले पाणी वाहकता-मापकाने तपासा आणि दिलेल्या पाण्याशी ताडून पाहा. कोकोपीट न धुता वापरले असेल तर त्यात मीठ असू शकते, म्हणून वापरण्यापूर्वी ते दोन-तीन पाण्यांतून काढावे.

उपवन

एवढी उस्तवार कशाला? ३० चौरस मीटर म्हणजे काही फार मोठी जागा नव्हे. दीड फूट खोल सगळी माती काढून टाका, कर्जतकडची चांगली लाल माती ट्रकने मागवा आणि त्यात शेणखत मिसळून नव्याने सुरुवात करा. आमच्या सोसायटीत आम्ही हेच केले आणि गुलाबसुद्धा झकास फुलतात. मातीचे आजारपण काढत बसण्यापेक्षा ती बदललेली बरी.

मृद्गंध

उपवन, जिथे खर्चाची आणि राडारोडा वाहून नेण्याची सोय आहे तिथे हा मार्ग मला मान्य आहे, विशेषतः खालचा थर निव्वळ काँक्रीटचा असेल तर. पण हिशेब करून पाहा. दीड फूट म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर. ३० चौरस मीटरला साडेतेरा घनमीटर माती बाहेर जाणार आणि तितकीच आत येणार. त्यातून तळचा घट्ट थर न फोडता वर नवी माती भरली, तर तो खड्डा पावसाळ्यात हौदासारखा भरतो. मुंबईत वर्षाला २२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. शिवाय नुसती लाल माती फुलझाडांना पुरत नाही. तिच्यात सेंद्रिय कर्ब थोडा असतो, स्फुरद ती धरून ठेवते आणि झाडाला देत नाही, आणि पाण्याचा मारा बसला की वरून तिची पापडी होते. तुमचे गुलाब फुलले त्याचे श्रेय मी तरी शेणखताला देईन.

चारकोपकर

मृद्गंध काका, सोनटक्का ताई, आपण दोघांनी इतका वेळ दिलात, आभारी आहे. रविवारी सोसायटीतल्या मुलांना हाताशी घेऊन चारही खड्डे खणले. निष्कर्ष असे आहेत.

वरची लाल माती कुठे १२ तर कुठे १८ सेंटिमीटर आहे. तिच्याखाली करड्या रंगाचा, विटांचे आणि प्लास्टरचे तुकडे असलेला थर लागतो आणि साधारण ३० सेंटिमीटरवर पहार खणकन अडते. मोगऱ्याची मुळे लाल मातीतच आडवी पसरलेली आहेत, करड्या थरात एकही मूळ उतरलेले नाही. कण्हेरीची मुळे मात्र त्या थरातही गेलेली दिसली. निचरा प्रवेशद्वाराजवळच्या वाफ्यात तासाला तीन सेंटिमीटर निघाला. मागच्या वाफ्यात, जिथे शेवंती गेली, तिथे एक सेंटिमीटरही नाही. व्हिनेगर टाकल्यावर वरच्या लाल मातीत काही झाले नाही, मधल्या नमुन्यात बारीक बुडबुडे आले आणि करड्या मातीत तर सोडा वॉटरसारखा फेस आला. मुले खूश झाली, मी काळजीत पडलो.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. गंधकाची भुकटी टाकून सामू खाली आणता येतो असे वाचले, ते करावे का? आणि बोअरवेलच्या पाण्याचा यात काही हात असेल का?

मृद्गंध

निदान आता पक्के झाले. गंधकाचा हिशेब मांडून दाखवतो, म्हणजे समितीलाही सांगता येईल.

एक चौरस मीटर जागेत २० सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती साधारण २६० किलो भरते. तिच्यात चुनखडी केवळ एक टक्का आहे असे धरले तरी ती २.६ किलो झाली. ती पूर्ण निष्प्रभ करायला सुमारे ८३० ग्रॅम गंधक लागेल, म्हणजे ३० चौरस मीटरला जवळजवळ २५ किलो. तुमच्या करड्या थरात ज्या तऱ्हेने फेस आला, त्यावरून तिथे चुनखडी एका टक्क्यावर थांबलेली नसणार. चुनखडी शिल्लक आहे तोवर सामू हलणार नाही, आणि इतके गंधक एकदम टाकले तर मातीतले जिवाणू त्याचे आम्ल करीत असताना क्षार वाढून झाडांनाच चटका बसेल. लाल मातीत फेस नाही, म्हणून तिथे चौरस मीटरला ५० ग्रॅमच्या आत गंधक मिसळायला माझी हरकत नाही. ओल आणि ऊब असेल तर काही आठवड्यांत ते काम करू लागते. पण सगळा वाफा गंधकाने सुधारण्याचा बेत सोडून द्यावा.

बोअरवेलचा हात नक्कीच असू शकतो. महापालिकेचे तलावांचे पाणी मऊ असते. बोअरवेलच्या पाण्यात मात्र कॅल्शियम आणि बायकार्बोनेट असले, तर प्रत्येक पाळीबरोबर थोडी थोडी चुनखडी वाफ्यात पडत राहते, आणि खाडी जवळ असेल तर मीठही येते. तुमची विद्युत वाहकता ०.६२ म्हणजे एकच्या आत आहे, तेव्हा मिठाची भीती आज नाही. तरीही मे महिन्याच्या अखेरीस ती वाढलेली असेल आणि पावसाने धुऊन पुन्हा उतरेल. म्हणून पुढचा नमुना याच महिन्यात, पुढच्या एप्रिलमध्ये घ्यावा, नाहीतर दोन अहवालांची तुलना फसवी ठरते. पाण्याचेही एकदा परीक्षण करून घ्या.

कामाचा क्रम मी असा सुचवीन. मागच्या वाफ्यात झाडे तशीही मृतप्राय आहेत, तिथली लाल माती बाजूला काढून ठेवा, करड्या थरातला जेवढा राडारोडा हाताने आणि चाळणीने निघेल तेवढा बाहेर काढा, आणि तळचा घट्ट थर पहारीने जागोजागी फोडा. काढलेली लाल माती सेंद्रिय खत मिसळून परत भरताना वाफा आजूबाजूच्या फरशीपेक्षा २० ते ३० सेंटिमीटर उंच करावा, म्हणजे गादीवाफाच होईल. पाणी बाहेर पडायला कठड्यात खालच्या बाजूला भोके ठेवा. भिंतीला मातीचा रेटा आणि ओल लागू नये म्हणून मध्ये हातभर मोकळी जागा सोडा, एरवी तळमजल्यावरचे सभासद तुम्हालाच गाठतील. पुढच्या वाफ्यात निचरा बरा आहे, तिथे खोदकामाची गरज नाही.

सेंद्रिय खत किती, हा प्रश्न लोक मुठीने सोडवतात, तो घनमीटरने सोडवावा. पाच सेंटिमीटरचा थर ३० चौरस मीटरवर पसरायला दीड घनमीटर खत लागते, म्हणजे वजनात ओबडधोबड आठशे किलो. शेणखतात अर्धा टक्का नत्र धरले तर त्यातून चार किलो नत्र वाफ्यात जाते. ते लगेच सगळे मिळत नाही, वर्षाला थोडा हिस्साच सुटतो, पण तुमची आजची उणीव भरून काढायला तो हिस्सा पुरेसा आहे आणि युरियाची आवश्यकता राहत नाही. १५:१५:१५ तर बंदच करा, त्यातला पालाश तुम्हाला नको आहे. शेणखत जुने, काळे आणि वास न येणारे हवे. तुमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचे खत होत असेल तर तेही चालेल, फक्त ते पूर्ण कुजलेले असावे. अर्धवट कुजलेला पाला किंवा लाकडाचा भुसा मातीत मिसळला की जिवाणू तो कुजवण्यासाठी मातीतलेच नत्र ओढून घेतात आणि पाने आणखी पिवळी पडतात. वाळू घालून माती मोकळी करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. चिकट मातीत थोडीशी वाळू मिसळली की ती गिलाव्यासारखी घट्ट बसते.

सध्याच्या मोगऱ्या-एक्झोऱ्याला तोवर जगवायचे असेल, तर एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस, आणि एक ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा. नवी पालवी हिरवी यायला लागेल, आधीची पिवळी पाने सगळी सुधारतीलच असे नाही. फरशीवर आणि भिंतीवर त्याचे गंजासारखे डाग पडतात, ते सहजी निघत नाहीत. हिराकस मातीत टाकण्यात मात्र पैसे वाया जातात, चुनखडीच्या संगतीत ते लगेच निरुपयोगी होते. मातीतून लोह द्यायचेच असेल तर चिलेटेड लोह (सेंद्रिय रेणूत बांधलेले, म्हणून विरघळलेले राहणारे) घ्यावे आणि पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेले आहे ना ते वाचून घ्यावे. दुकानात सहज मिळणारे ईडीटीए प्रकारचे लोह इतक्या सामूला टिकत नाही.

सोनटक्का

काकांच्या योजनेत मी पावसाळ्याची भर घालते. मागचा वाफा जूनमध्ये रिकामाच असणार, तर पहिला पाऊस झाल्यावर त्यात धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक पेरा. चौरस मीटरला पाच ग्रॅम बी पुरते, म्हणजे अर्ध्या क्षेत्राला ७५ ग्रॅम, कृषी सेवा केंद्रात ते अगदी किरकोळ किमतीला मिळेल. धैंच्याला पाणथळ जागा आणि थोडी अल्कधर्मी माती दोन्ही सोसतात, त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र बांधतात आणि मुळे फोडलेल्या थरात घुसून वाट करून ठेवतात. साधारण दीड महिन्याने, खोड कोवळे असतानाच, तो कापून जागच्या जागी मातीत गाडा. रान माजले म्हणून तक्रारी येतील, तेव्हा आधीच एक छोटा फलक लावून ठेवा. गाडल्यानंतर दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत. ऑगस्टअखेरीस झेंडूची रोपे लागली तर दसऱ्याच्या सुमारास फुले हाताशी येतात, आणि जुनी झाडे उपटताना मुळांवर सूत्रकृमींच्या (मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींच्या) गाठी दिसल्या असतील तर झेंडूचा तिथे दुहेरी उपयोग आहे, कारण तो त्यांना आवरतो.

झाडांच्या निवडीबद्दल माझे मत जरा कडक आहे. एक्झोरा आणि अनंत या आम्ल माती मागणाऱ्या झाडांचा हट्ट त्या जमिनीत धरू नये. ती हवीच असतील तर प्रवेशद्वाराशी मोठ्या कुंड्यांत लाल माती आणि पालापाचोळ्याचे खत भरून लावा, आणि त्यांना तेवढे पावसाचे साठवलेले पाणी द्या. मोगरा पुढच्या वाफ्यात, उंच केलेल्या भागात सुधारण्याची शक्यता आहे. जमिनीत कण्हेर, तगर, सदाफुली, झेंडू, झिनिया, गुलबक्षी आणि बोगनवेल ठेवा. मागच्या वाफ्याच्या ज्या टोकाला पाणी साचते, तिथे निचरा सुधारूनही ओल राहिलीच तर कर्दळ लावा. आमचा सोनटक्काही तिथे आनंदाने राहील, फक्त त्याला दुपारचे कडक ऊन नको. शेवंती यंदा नको, धैंचा गाडून एक हंगाम गेल्यावर ऑक्टोबरमध्ये पुन्हा खड्डा भरून पाणी मोजा, आणि तासाला अडीच सेंटिमीटर उतरू लागले असेल तरच तिची रोपे आणा.

आच्छादनासाठी बाहेरून काही आणू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्यावरच्या पर्जन्यवृक्षांची आणि सोनमोहोराची बारीक पाने सफाई कामगार गोळा करून पोत्यांत भरतात, ती मागून घ्या. पाच-सात सेंटिमीटरचा थर खोडापासून चार बोटे दूर ठेवून पसरला की माती तापत नाही, पावसाच्या माऱ्याने लाल मातीची पापडी धरत नाही, आणि बोअरवेलच्या पाण्याच्या पाळ्याही कमी लागतात.

चारकोपकर

सर्व टिपून घेतले आहे. शनिवारच्या सभेत मागच्या वाफ्याचे खोदकाम, दीड घनमीटर खत आणि पाण्याचे परीक्षण एवढ्याच खर्चाला मंजुरी मागतो. गच्चीवरच्या पन्हाळीखाली एक टाकी बसवता येईल का, हे प्लंबरला विचारून इथेच कळवीन.